सॉफ्टनरच्या पाण्यावर वाढलेला स्वोर्ड

पुण्याच्या पश्चिमेकडील एका गृहसंकुलाच्या क्लबहाऊसमध्ये 8 फूट लांब आणि रुंदी-उंचीला प्रत्येकी अडीच फूट असा गोड्या पाण्याचा टँक आहे. तळाची माती आणि वरची मोकळी जागा सोडली, तर त्यात सुमारे 1200 लिटर पाणी राहते. एंजल आणि टेट्रा मासे त्यात आहेत. पण येणारे-जाणारे थांबत ते मधोमध लावलेल्या अॅमेझॉन स्वोर्डपाशी. मूळच्या दक्षिण अमेरिकेतल्या या वनस्पतीची पाने टोकदार आणि रुंद असतात, सगळी एकाच गड्ड्यातून चहूबाजूंनी निघतात आणि जागा मिळाली तर दीड फुटापर्यंत लांब होतात. मोठ्या टँकांच्या देखभालीचे काम मी करते, आणि हे झाड हाताबाहेर जाऊ लागल्यावर संकुलाच्या व्यवस्थापकांनी मला बोलावले. “मॅडम, बाहेरची पानं ठीक आहेत, पण झाड मधूनच खराब होतंय,” असे ते फोनवर म्हणाले. निम्मे निदान त्या ‘मधूनच’मध्येच होते.

वनस्पतीला एखादे अन्नद्रव्य कमी पडले की ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांकडे पाठवता येते की नाही, यावर झाडाचा कोणता भाग आधी बिघडेल ते ठरते. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम हलवता येतात, त्यामुळे त्यांच्या कमतरतेत बाहेरची, वयस्क पाने आधी जातात. लोह आणि कॅल्शियम एकदा पानात बसले की सहसा तिथेच राहतात, म्हणून त्यांची टंचाई कोवळ्या पानांवर दिसते. आधीच्या देखभाल करणाऱ्याने एवढा विचार करून लोहाचे द्रावण सुरू केले होते आणि गुण येत नाही म्हणून मात्रा वाढवत नेली होती. मी काचेला डोळा लावून गड्डा पाहिला, तेव्हा मधली पाने केवळ फिकट नव्हती. ती बोटभर लांबीवर खुंटली होती, त्यांच्या कडा आत वळल्या होत्या, टोके करपली होती आणि एक पान तर उलगडण्याआधीच पिळवटून गेले होते. लोह कमी असले तर कोवळे पान पिवळे-पांढरे पडते, पण त्याचा आकार सहसा असा मोडत नाही.

मग पाणी तपासले. पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरने 460 दाखवले, पीएच 8.2 निघाला आणि केएच, म्हणजे पाण्यातली कार्बोनेटची क्षारता, 12 अंश भरली. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या टँकमध्ये असे आकडे आले तर मी भुवईही उंचावत नाही. खडकवासल्याचे धरणाचे पाणी मऊ असते, पण आपल्याकडच्या काळ्या खडकातून आलेले बोअरचे पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊनच वर येते. त्यामुळे जीएच, म्हणजे पाण्याचे एकूण काठिण्य, निदान 15 अंश असणार या समजुतीने मी 5 मिलिलिटर पाणी नळीत घेतले आणि थेंब मोजायला सुरुवात केली. नारिंगी रंग हिरवा होईपर्यंत एकेक थेंब टाकायचा आणि जितके थेंब तितके अंश, अशी ती चाचणी असते. इथे पहिल्याच थेंबाला पाणी हिरवे झाले. पाण्यात काठिण्य जवळपास नव्हतेच.

माझ्या मदतनिसाला वाटले की औषध जुने झाले असावे. शंका रास्त होती. टँकचेच पाणी एका पेल्यात घेऊन मी त्यात चिमूटभर मॅग्नेशियम सल्फेट विरघळवले आणि पुन्हा थेंब मोजले. या वेळी रंग बदलायला बरेच थेंब लागले. चाचणी चोख होती. तोवर मदतनिसाने लाकडावर चिकटलेल्या गोगलगायी काढून माझ्या तळहातावर ठेवल्या. शंखाचे निमुळते टोक पांढरे पडून झिजले होते, वळ्यांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे होते. असे शंख आम्लधर्मी पाण्यात दिसतात. पीएच 8.2 आणि केएच 12 असलेल्या पाण्यात ते दिसावेत, याचा अर्थ कार्बोनेट भरपूर आहे, पण त्याच्या जोडीला कॅल्शियमच नाही.

हात धुवायला प्रसाधनगृहात गेले आणि उरलेला उलगडा बेसिनपाशी झाला. साबणाला भरमसाट फेस आला आणि कितीही पाणी घेतले तरी हातांची बुळबुळ जाईना. वर पाहिले तर नळ आरशासारखे लखलखीत होते. बोअरच्या पाण्याच्या संकुलात नळाच्या तोंडाशी पांढरा थर नाही, हे मी तरी क्वचितच पाहिले आहे. मी व्यवस्थापकांना विचारले, “साहेब, इथे सॉफ्टनर बसवलाय का?” ते अभिमानाने म्हणाले, “दिवाळीनंतर बसवला ना! गीझरची कॉइल जाते म्हणून सगळ्यांची तक्रार होती.”

पंपरूममध्ये सॉफ्टनरची उंच निळी टाकी होती आणि शेजारी मिठाच्या गोण्यांची थप्पी. तिथे काम करणाऱ्या काकांनी मला सगळी जोडणी दाखवली. टाकीत रेझिनचे बारीक मणी असतात. त्यांवर बसलेला सोडियम पाण्यात सुटतो आणि पाण्यातला कॅल्शियम व मॅग्नेशियम त्याची जागा घेतो. मणी भरले की मिठाचे दाट पाणी सोडून त्यांना पुन्हा सोडियम चढवायचा. गीझर, नळ आणि कपडे धुण्याची यंत्रे यांच्यासाठी ही व्यवस्था उत्तमच. मात्र तिने पाण्यातले क्षार कमी होत नाहीत, फक्त त्यांची अदलाबदल होते. केएच होता तेवढाच राहतो, टीडीएसही जवळपास तोच दिसतो, आणि मीटर पाहून पाण्याचे निदान करणारा माणूस फसतो. सॉफ्टनरच्या आधीच्या नळाचे पाणी घेऊन तपासले तेव्हा जीएच 17 आला. एवढ्या काठिण्याची जागा सोडियमने घेतली म्हणजे लिटरमागे सुमारे 140 मिलिग्रॅम जास्तीचा सोडियम टँकमध्ये येत होता, आणि प्रत्येक पाणीबदलात येत होता.

काकांचा प्रश्न नेमका होता. “ताई, मशीन तर दिवाळीनंतरच लागलं. मग झाड इतके दिवस तगलं कशावर?” स्वोर्ड आपले अन्न मुख्यतः मुळांवाटे घेतो. तळाच्या मातीने सुरुवातीला धरून ठेवलेल्या कॅल्शियमवर आणि मॅग्नेशियमवर त्याने काही महिने काढले, आणि त्याच काळात त्या मातीच्या कणांवर हळूहळू सोडियम चढत गेला. सांगली-कोल्हापूरकडच्या ऊसपट्ट्यात ज्याला चोपण जमीन म्हणतात, तिचीच ही छोटी आवृत्ती काचेच्या पेटीत तयार झाली होती. तिथला शेतकरी जिप्सम टाकतो, जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला कणांवरून हुसकावतो आणि मग चांगल्या पाण्याने तो सोडियम धुऊन काढायचा असतो. माझा उपायही याहून वेगळा नव्हता.

फरक इतकाच की टँकमध्ये मासे होते आणि ते महिनोन्महिने त्या पाण्याला सरावले होते. सगळे पाणी एकदम बदलावे, हा व्यवस्थापकांचा आग्रह मी मोडून काढला. झाडासाठी माशांना असा धक्का देणे मला पटणारे नव्हते. 1200 लिटरमध्ये जीएच 1 अंशाने वाढवायला शुद्ध जिप्सम सुमारे 37 ग्रॅम लागते. त्या दिवशी तेवढेच घेतले आणि त्यासोबत 18 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे दोन्ही मिळून साधारण 1.3 अंश. मॅग्नेशियम सल्फेट कोणत्याही कृषी सेवा केंद्रात मिळते आणि क्षणात विरघळते. जिप्सम मात्र हट्टी असते: एका लिटरमध्ये जेमतेम 2 ग्रॅम विरघळते. त्यामुळे 20 लिटरच्या बादलीत ते दुधाळ पाणी बराच वेळ ढवळत बसावे लागले आणि मग फिल्टरच्या परतीच्या धारेजवळ मगाने थोडे थोडे सोडले. शेतीचे जिप्सम मी टँकमध्ये वापरत नाही, त्यात काय काय मिसळलेले असेल याचा भरवसा नसतो. लोहाचे द्रावण तूर्त बंद केले. एवढ्या पीएचला साध्या प्रकारचे लोह फार वेळ विरघळलेले राहत नाही, आणि तळाशी साचलेल्या तांबूस गाळाने तेच सांगितले होते.

काकांनी सॉफ्टनरच्या आधीच्या वाहिनीला टी जोडून टँकसाठी स्वतंत्र नळ काढून दिला. ते पाणी आणि क्लबहाऊसच्या आरओचे पाणी पिंपात निम्मे-निम्मे मिसळले की जीएच 8 ते 9 आणि केएच 6 च्या आसपास येतो. स्वोर्डला आणि एंजलना तो मानवतो. दर आठवड्याला पंधरा ते वीस टक्के पाणी बदलायचे, गाळ सायफनने मुळांना धक्का न लावता उचलायचा आणि आरओचे नुसते पाणी वापरायचे ते फक्त बाष्पीभवनाची तूट भरायला, असे ठरले. क्षार उडून जात नाहीत. जड पाण्याने तूट भरत राहिले तर जीएच आपोआप चढत जातो.

पिळवटलेली पाने सुधारली नाहीत, ती सुधारत नसतात. दोन-तीन नवी पाने सरळ आणि पूर्ण रुंदीची निघाल्यावर मी जुनी वाकडी पाने देठाच्या तळाशी कापून काढली. व्यवस्थापकांना ती आधीच काढून हवी होती, पण वाकडे असले तरी हिरवे पान झाडासाठी अन्न तयार करत असते. गोगलगायींच्या शंखावर जुने खड्डे तसेच राहिले आणि त्यांच्यापुढे गुळगुळीत नवी कड वाढू लागली. मे महिन्यात बोअर आटून टँकर सुरू झाले, तेव्हा सॉफ्टनरच्या आधीच्या नळाचाच जीएच 17 वरून 24 वर गेला. तेव्हापासून पिंपातले प्रमाण ठरलेले नाही: पाणी बदलण्याआधी काका थेंब मोजतात, आकडा फोनवर कळवतात आणि आरओचे पाणी किती घ्यायचे ते त्यावर ठरते.