खारीक-खोबऱ्यापासून कंटेनरपर्यंत: आमची वाटचाल

आमच्या नांदेडच्या दुकानात खोबऱ्याचे गोटे, शेंगदाणे, खारीक आणि बदाम एकाच फळीवर शेजारी शेजारी असतात. डिंकाच्या लाडवाचं सामान घ्यायला आलेल्या बाईला त्यात काही वेगळेपण दिसत नाही. कस्टमच्या पुस्तकात, म्हणजे कुठल्या मालाला कुठला कोड हे ठरवणाऱ्या यादीत, मात्र त्यांची घरं वेगळी आहेत. बदाम आठव्या चॅप्टरमध्ये, 0802 खाली. खारीकही आठव्यातच, पण 0804 खाली. काजू 0801. शेंगदाणे थेट बाराव्या चॅप्टरमध्ये, 1202, आणि वाळलेलं खोबरं त्याच बाराव्यात 1203, कारण तिथं त्या दोघांची गणना तेलबियांमध्ये होते. मी दहाव्या वर्षापासून दुकानात बसते, तरी हे मला कळलं चौतिसाव्या वर्षी, आयात सुरू केल्यावर.

दुकान अण्णांनी 1984 साली इतवाऱ्यात टाकलं. तेव्हा माल हैदराबादच्या बेगम बाजारातून यायचा. नांदेडच्या व्यापाऱ्याला निजामाच्या काळापासून हैदराबादच जवळचं, मुंबई नंतर. अण्णा रात्रीच्या गाडीनं जायचे, सकाळी माल बघायचे, पोती ट्रान्सपोर्टला लावून संध्याकाळी परत. बघायचे म्हणजे हात पोत्यात कोपरापर्यंत घालून तळातला बदाम वर काढायचे, दातानं तोडायचे, डोळे मिटून चावायचे. वरचा माल सगळेच चांगला ठेवतात. पुढे वाशीच्या मसाला मार्केटशी व्यवहार सुरू झाला, देवगिरी एक्सप्रेसच्या फेऱ्या वाढल्या. रमजानमध्ये शिरखुर्म्याचा पिस्ता, चारोळी, खारीक आणि दिवाळीत बदाम-काजू, या दोन हंगामांवर वर्ष निघायचं.

2016 साली मी आयईसी काढला, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड. एकट्यानं कंटेनर उचलायची आमची ऐपत नव्हती. परभणीचे एक आणि लातूरचे एक, असे दोन जुने व्यापारी सोबत घेतले आणि 2017 च्या दिवाळीनंतर कॅलिफोर्नियाचा सालीचा बदाम मागवला. चाळीस फुटी कंटेनरमध्ये साधारण वीस टन, 50 पौंडांच्या म्हणजे 22.68 किलोच्या गोण्या.

सालीचाच का, हे मला नव्यानं या धंद्यात येणारे नेहमी विचारतात. सरळ हिशेब आहे. तेव्हा सालीच्या बदामाला किलोमागे 35 रुपये ड्यूटी होती आणि सोललेल्या गराला 65 रुपये, 2018 मध्ये ती 100 झाली. टक्केवारी नाही, वजनावर रुपये. शंभर किलो सालीच्या बदामातून 65 ते 70 किलो गर निघतो. म्हणजे 3500 रुपये ड्यूटी त्या गरावर वाटली तर किलोला 50 ते 54 रुपये पडतात, 65 किंवा 100 नाही. बदाम फोडण्याचं काम इथं आलं ते या फरकामुळे. आज आमच्या गोदामात चौदा बाया बदाम फोडतात आणि निवडतात: अख्खा वेगळा, टुकडा वेगळा, चुरी वेगळी. नॉनपरेल या जातीच्या बदामाचं टरफल पातळ असतं, पण घाव जरा जोरात बसला की अख्ख्याचा टुकडा होतो आणि भाव उतरतो. आमच्याकडची सगळ्यात जुनी बाई घाव घालण्याआधी बदाम कानाशी नेऊन हलवते. आत खुळखुळला तर गर सुकलेला आहे, त्याला हलका हात. मला अजून ते जमलेलं नाही.

पहिल्या कंटेनरला कागदपत्रांनीच घाम फोडला. निघण्याच्या देशातून फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे मालात कीड-रोग नाही असा तिथल्या सरकारी खात्याचा दाखला. धुरी दिल्याची नोंद. इथं उतरल्यावर कीड-रोगासाठी प्लांट क्वारंटाइनची तपासणी वेगळी आणि एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा खात्याची, वेगळी. एफएसएसएआयवाले नमुन्याचे दोन भाग घेतात. एक प्रयोगशाळेत जातो, दुसरा राखून ठेवतात, म्हणजे निकालावर तक्रार असेल तर फेरतपासणी करता येते. माल पोहोचेल त्या दिवशी त्याची मुदत एकूण आयुष्याच्या 60 टक्के किंवा तीन महिने, यांतलं जे कमी असेल तेवढी तरी शिल्लक हवी. लेबलवर आयातदाराचं नाव-पत्ता, लायसन्स नंबर आणि हिरवी खूण नसेल तर ती बंदरावरच चिकटवायची मुभा मिळते. पण उत्पादनाची तारीखच नसेल तर ती इथं कुणी घालू शकत नाही. जीएसटीही आधीच भरावा लागतो, माल विकला गेल्यावर वळता होतो. तेवढे महिने पैसा अडकून पडतो, आणि लहान पेढीला हा भार ड्यूटीपेक्षा जड जातो.

नमुन्यात मुख्य बघतात ते अफ्लाटॉक्सिन. ओलसर राहिलेल्या दाण्यावर जी पिवळट-हिरवी बुरशी धरते, तिचं हे विष. थेट खायच्या मेव्यात किलोला 10 मायक्रोग्रॅमच्या वर चालत नाही, पुढे प्रक्रिया होणार असेल तर 15. मोंढ्यात पावसात भिजलेला शेंगदाणा बघत वाढलेल्या माणसाला ही बुरशी नवी नाही. पण डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या दाण्यातही विष असू शकतं, हे अण्णांना पटवायला मला वेळ लागला. दातानं तोडून कळेल असं ते नाही.

2019 साल आमच्यासाठी अवघड गेलं. फेब्रुवारीत पुलवामानंतर पाकिस्तानच्या मालावर 200 टक्के ड्यूटी लागली आणि खारकेचा भाव एका आठवड्यात कुठल्या कुठे गेला. बाळंतिणीचं सामान घ्यायला आलेल्या सासूबाईला भाव सांगताना माझी मान खाली जायची. त्याच सुमारास फोन आला: माल तिकडचाच, पण कागद दुबईचे करून देतो. अण्णा समोर बसले होते. मी फोन त्यांच्या हातात दिला. ते एवढंच म्हणाले, "खारीक जिथली, तिथलाच कागद," आणि फोन ठेवला. त्या हंगामात आम्ही खारीक जवळजवळ विकलीच नाही. जूनमध्ये दुसरा धक्का बसला. अमेरिकी सालीच्या बदामावरची ड्यूटी 35 वरून 41 झाली, गरावरची 100 वरून 120. आमचा कंटेनर समुद्रात होता. किलोला सहा रुपये ऐकायला लहान वाटतात, वीस टनांवर ते 1 लाख 20 हजार होतात. सौदे आधीच ठरलेले होते, वाढ आम्ही तिघांनी सोसली. ती जादा ड्यूटी 2023 च्या सप्टेंबरात उठली.

पण सगळ्यात महाग धडा पिस्त्याचा. 2021 मध्ये रमजानच्या आधी आम्ही पिस्ता मागवला. पुरवठादाराच्या इन्व्हॉइसवर नुसतं 'सालीचा पिस्ता' असं लिहिलेलं. आमच्या त्या वेळच्या कस्टम एजंटनं 0802 51 कोड टाकला, म्हणजे सालीचा कच्चा पिस्ता, ड्यूटी 10 टक्के. मी वाचलं आणि सही केली. तपासणीला गोणी फोडली तेव्हा मी तिथं होते. अधिकाऱ्यानं मूठभर पिस्ता काढून माझ्या हातावर ठेवला. टरफलाच्या उघड्या तोंडाशी कडा तांबूस झालेली होती, बोटांना पांढरी पूड लागली. ती मिठाची होती. पिस्ता भाजलेला आणि खारवलेला होता.

नियम असा आहे: मेवा वाळवलेला असो, सोललेला असो, टिकावा म्हणून बेताची उष्णता दिलेली असो, जोवर त्याचं वाळलेल्या मेव्याचं रूप टिकून आहे तोवर तो आठव्या चॅप्टरमध्ये राहतो. भाजला की तो विसाव्या चॅप्टरमध्ये जातो, 2008 19 खाली, तयार खाद्यपदार्थांत. तिथं तेव्हा ड्यूटी 30 टक्के होती. वीस टक्क्यांचा फरक, त्यावर सरचार्ज, वाढलेल्या रकमेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, चुकीच्या वर्णनाबद्दल दंड, आणि माल सतरा दिवस अडकल्याचं भाडं. माल सुटला तेव्हा ईद होऊन गेली होती. मिठाचा पिस्ता शिरखुर्म्यात तसाही चालला नसता. म्हणजे मालच चुकीचा मागवला गेला होता, कोड चुकला तो त्यापायी.

मी एजंट बदलला, पण दोष सगळा त्याच्यावर टाकून मला झोप येत नव्हती. बिल ऑफ एंट्रीवर, म्हणजे कस्टमला द्यायच्या आयातीच्या कागदावर, पेढीचं नाव आयातदार म्हणून असतं, जबाबदारी आयातदाराची. तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. प्रत्येक मालाचं मोंढ्यातलं नाव, पुरवठादार वापरतो ते नाव, कोड आणि अवस्था: साल आहे की नाही, वाळवलाय की भाजलाय, मीठ-मसाला आहे का, कुठल्या देशात पिकला. सौद्याआधी नमुना कुरिअरनं नांदेडला येतो. शंकाच असेल तर मुंबईत कस्टमच्या अ‍ॅडव्हान्स रुलिंग प्राधिकरणाकडे आधीच अर्ज करून कोड ठरवून घेता येतो. लहान व्यापारी हा रस्ता वापरत नाहीत याचं मला वाईट वाटतं. सुपारीसारख्या मालात तर वाळवलेली की भाजलेली या एका प्रश्नावरून प्रकरणं हायकोर्टापर्यंत गेली आहेत.

22 सप्टेंबर 2025 पासून सुक्या मेव्यावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. बंदरावर अडकणारा पैसा निम्म्याहून कमी झाला, आणि पुढच्या खेपेला आम्ही पहिल्यांदा भागीदाराशिवाय कंटेनर मागवतोय.

परवा पिस्त्याचा नमुना आला. अण्णांना आता कमी दिसतं. मी दोन दाणे त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी एक नखानं उघडला, जिभेवर धरला, मग सावकाश चावला.

"कच्चा हाय," ते म्हणाले. "मीठ नाही. लिही."

मी वहीत 0802 51 लिहिलं आणि प्रयोगशाळेला फोन लावला.