तुम्ही विचारलंत म्हणून: त्या तिरक्या पट्टीत एवढं काय आहे?

प्रश्न बहुतेक वेळा असा येतो: पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश किंवा हिंदी सैन्यातल्या अधिकाऱ्याचा वेष जसाच्या तसा उभा करणारे लोक, म्हणजे रीएनॅक्टर, कमरेच्या 'सॅम ब्राउन' पट्ट्यावर महिनोन् महिने का घालवतात? त्याला जोडलेली छातीवरची ती तिरकी पट्टी शोभेचीच ना? मग गणवेषाच्या दुकानात मिळतो तो पोलिसी पट्टा का चालत नाही?

पट्टी शोभेची नाही. ती वजन उचलते, आणि या छंदाची सगळी गोडी त्या वजनातच आहे.

पट्ट्याला नाव मिळालं ते सॅम्युअल ब्राउन याच्यावरून. बराकपूरला जन्मलेला हा पंजाबच्या घोडदळातला अधिकारी. ३१ ऑगस्ट १८५८ रोजी पिलीभीतजवळ सीरपोरा इथे शत्रूच्या तोफेवर चालून जाताना तलवारीच्या वाराने त्याचा डावा हात खांद्यापासून गेला. त्या काळात तलवार कमरेच्या पट्ट्याला दोन लांब चामडी पट्ट्यांनी लोंबत असे, आणि चालताना किंवा उपसताना डाव्या हाताने म्यान धरावं लागे. तो हातच उरला नाही. म्हणून म्यान हलणार नाही असा चामड्याचा अडकण, ज्याला फ्रॉग म्हणतात, तो डाव्या बाजूला आला, आणि तिथला भार पेलायला उजव्या खांद्यावरून एक पट्टी. उजव्या बाजूला रिव्हॉल्व्हर लावलं, तर त्याच्यासाठी डाव्या खांद्यावरून दुसरी. हिंदुस्थानात सुरू झालेली ही सोय पुढे बोअर युद्धाच्या सुमारास ब्रिटिश सैन्यभर पसरली.

हे एकदा कळलं की निम्म्या चुका आपोआप दिसतात. एकच पट्टी असेल, तर ती उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे उतरते. उलटी घातली तर तलवारीचा भार कोणीच उचलत नाही. ती कोटाच्या खांद्यावरच्या बटणपट्टीखालून जाते, वरून नाही. आणि पट्टा पँटच्या मापाने नव्हे, कोटावरून माप घेऊन करायचा. पँटच्या कमरेपेक्षा तो साधारण तीन-चार इंच जास्त भरतो, आणि बकल मधल्या भोकांत बसलं पाहिजे. शेवटच्या भोकात बसणारा पट्टा दोन पावसाळ्यांत अपुरा पडतो किंवा लोंबायला लागतो.

आता वजन. म्यानासह तलवार सव्वा किलोच्या आसपास. १९१५मध्ये आलेलं वेब्ली मार्क सहा रिव्हॉल्व्हर रिकामं असतानाच सुमारे १.१ किलो. कमरेचा पट्टा सव्वादोन इंच रुंद, बकल दोन जिभांचं, ते याच कारणाने: एका जिभेवर एवढा भार आला तर भोक लांबट होतं. हलकी रबरी किंवा लाकडी प्रतिकृती लटकवली की काय होतं पाहा. खांद्यावरची पट्टी सैल पडते, ती सैल दिसू नये म्हणून माणूस तिचं बकल आवळतो, आणि पट्टा डावीकडून वर ओढला जाऊन कमरेवर वाकडा बसतो. जुन्या फोटोंतला आणि आजच्या हौशी फोटोंतला फरक बहुधा इथेच सापडतो. उपाय सोपा आहे. २० सेंटिमीटर लांब, ४ सेंटिमीटर रुंद आणि १६ मिलिमीटर जाड लोखंडी पट्टीचा तुकडा बरोबर एक किलो भरतो. तो फडक्यात गुंडाळून होल्स्टरमध्ये, म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या चामडी म्यानात, घालावा. पट्टा आपोआप खाली बसतो, खांदा थोडा मागे जातो आणि चालण्याची ढब बदलते. त्या काळच्या अधिकाऱ्याचं शरीर कसं वागत होतं, ते पुस्तकापेक्षा इथे जास्त कळतं. हा पट्टा माणसांना वेड लावतो तो यामुळे.

दुकानातल्या पट्ट्याकडे येऊ. आकार तोच असतो, कातडं वेगळं. आजचे स्वस्त पट्टे पुष्कळदा क्रोमने कमावलेल्या कातड्याचे, किंवा पुठ्ठ्यावर रंगाचा थर चढवलेले. जुने पट्टे झाडाच्या सालीने कमावलेल्या कातड्याचे, चरबी आणि मेण मुरवलेले, ज्याला घोड्याच्या सामानाचे कारागीर ब्रायडल कातडं म्हणतात. ओळखायचं कसं? कापलेल्या कडेकडे बघा. क्रोमचा गाभा निळसर-राखाडी दिसतो, सालीचा तपकिरी. क्रोमचं कातडं ताणाखाली लांबतं, त्याची कड घासून गुळगुळीत होत नाही, आणि ओलं करून साच्यावर बसवलं तरी तो आकार धरत नाही. होल्स्टर हवं तर सालीचंच कातडं लागतं: कोमट पाण्यात भिजवायचं, लाकडी साच्यावर बोटांनी दाबत बसवायचं आणि दिवसभर सावलीत वाळवायचं. घाई करून उन्हात ठेवलं तर ते आकसतं आणि तडकतं.

इथे महाराष्ट्राचा धागा खरा लागतो. कोल्हापुरी चपलेसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं रसायनाच्या दृष्टीने अगदी योग्य जातीचं आहे. फक्त दोन अडचणी. म्हशीचं कातडं भरड असतं, आणि त्यात चरबी मुरवलेली नसते. पाठीचा तुकडा मागून घ्यावा, पोटाचा अजिबात नको. पोटाकडची वीण सैल असते, त्या भागाची पट्टी वर्षभरात बोटभर लांबते. जाडी कमरेसाठी साडेतीन ते चार मिलिमीटर. मग दोन भाग चरबी, एक भाग मधमाशांचं मेण कोमट करून मागच्या बाजूने पातळ चोळावं, दोन-तीन वेळा, मध्ये एकेक दिवस सोडून. एकदाच भरपूर चोपडलं तर कातडं लिबलिबीत होतं आणि पुन्हा कधी ताठ होत नाही. जवसाच्या (लिनन) दोऱ्याला मेण लावून, आरीने भोक पाडून, दोन सुयांनी समोरासमोर घातलेला टाका घालावा, इंचाला आठ-नऊ. मशीनचा टाका एका ठिकाणी तुटला की पुढे उसवत जातो, हा जात नाही.

पट्टी अडकवण्याचं पितळी बोंडही नीट पाहण्यासारखं आहे. मोठं डोकं, बारीक मान. कातडकामात आजही त्याला सॅम ब्राउन बोंडच म्हणतात. भोक मानेएवढं ठेवायचं आणि डोकं आत जायला बाजूला एक बारीक चीर द्यायची. ही चीर पट्टीच्या टोकाकडे दिली की ताण पडताच मान चिरेत सरकते आणि तलवार जमिनीवर येते. चीर टोकाच्या उलट बाजूला हवी, कारण भार टोकाकडच्या कडेवर येतो. चिरेच्या शेवटी एक मिलिमीटरचं गोल भोक पाडलं तर ती पुढे फाटत नाही.

जुना पट्टा विकत घेताना शिक्क्यांवर फार विसंबू नका. अधिकारी आपलं सामान बहुधा स्वतः विकत घेत, त्यामुळे त्यावर सरकारी मालकीचा बाणाचा शिक्का नसणं अगदी साहजिक आहे. घासलेल्या खुणा बघा. मालक ज्या भोकात बकल लावायचा ते भोक अंडाकार झालेलं असतं आणि त्याच्याभोवती कातडं काळपट. डाव्या बाजूला म्यानाने घासलेला चट्टा, उजव्या बाजूला बंदुकीच्या तेलाचा डाग. सगळीकडे सारखाच काळवंडलेला पट्टा संशयास्पद, कारण वापर कधी सारखा होत नाही. तसं एखादं अंडाकार भोक हाताखाली आलं की एका माणसाची कंबर, त्याचा जाडपणा, पुढे त्याचं वाळणंसुद्धा समोर येतं. आमच्या मते या पट्ट्याचं खरं मोल तिथे आहे, आणि म्हणूनच असा अस्सल पट्टा अंगावर घालून छावणीत वापरू नये. त्यावरून नवा करून घ्यावा.

रंगाबद्दल थोडक्यात. साध्या पायदळाचा तपकिरी, रायफल रेजिमेंटांचा काळा. आणि वेष आघाडीवरचा असेल तर हेही लक्षात घ्या: खंदकांत शत्रूचे नेमबाज या पट्ट्यावरून अधिकारी कोण ते ओळखत, म्हणून पुढे कित्येकांनी हल्ल्याच्या वेळी तो उतरवून साध्या शिपायाचा कोट आणि कापडी पट्टे घातले. हल्ल्याचा प्रसंग उभा करताना चकचकीत पट्टा हीच चूक ठरू शकते. भारतात तो घालून रस्त्यावर फिरूही नये. पोलिसी आणि लष्करी गणवेषात तो आजही आहे, आणि तलवार बाळगण्याचे नियम वेगळेच.

राहिला पावसाळा. मुंबई-कोकणात, सिंगापुरात, कुठेही दमट हवेत कातड्यावर पांढरं येतं, आणि लोक घाबरून ओल्या फडक्याने पुसतात. आधी हेअर ड्रायरची कोमट हवा लांबून द्या. पांढरं विरघळून गेलं तर ती आतून वर आलेली चरबी, मऊ फडक्याने चोळली की झालं. तसंच राहिलं तर बुरशी: कोरड्या ब्रशने घराबाहेर झाडा, हवेशीर वाळवा, आणि पट्टा प्लॅस्टिकच्या पिशवीत नव्हे, मलमलीत ठेवा. पितळेभोवती साचणारा हिरवा मेणचट थर तांब्याची आणि कातड्यातल्या चरबीची अभिक्रिया होऊन तयार होतो. तो लाकडी काडीने काढा, पितळेचं पॉलिश तिथे लावू नका, ते टाक्यांत शिरून दोरा कुजवतं. आणि जुन्या पट्ट्यावरून बोट फिरवल्यावर लालसर भुकटी लागली, तर तेल अजिबात लावू नका. ते कातडं आम्लाने झिजलेलं असतं, तेलाने ते काळं पडून आणखी ठिसूळ होतं. अशा पट्ट्याला वाकवू नये, आडवा, सपाट ठेवावा आणि संग्रहालयाचं काम करणाऱ्या जाणकाराकडे न्यावा.