बारकोड लेबल: तिसरा आठवडा, अखेर पहिल्या फटक्यात बीप

मागच्या वेळी अडलो होतो ते इथे: सोसायटीच्या वाचनालयातल्या पुस्तकांची लेबलं मोबाईल मुकाट वाचायचा, पण बारकोड वाचणारी गन मात्र दहातल्या चार वेळा गप्प. मी आपला लेबल प्रिंटरचा डार्कनेस, म्हणजे छपाईचा गडदपणा, वाढवत सुटलो. १५ पैकी १२ वर नेला, तर रेघा फुगून मधल्या फटी बुजल्या आणि गन आणखीच रुसली.

रविवारी भिंग लावून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. सगळ्यात बारीक रेघ सगळीकडे सारखी हवी, तर कुठे २ ठिपक्यांची, कुठे ३. प्रिंटर २०३ डीपीआयचा (इंचाला २०३ ठिपके), म्हणजे मिलिमीटरला ८ ठिपके, एक ठिपका ०.१२५ मिमी. मी बारकोडचं चित्र केलं होतं ०.३३ मिमीच्या रेघेचं. ०.३३ म्हणजे २.६४ ठिपके, अर्धवट ठिपका छापणार कसा? दोष प्रिंटरच्या छापणाऱ्या हेडचा नव्हताच, माझ्या मापाचा होता.

आता चित्र चिकटवणं बंद. बारकोड प्रिंटरलाच काढायला सांगतो, बारीक रेघ बरोब्बर ३ ठिपके, ०.३७५ मिमी. कोड १२८ या बारकोडच्या प्रकारात नुसते ८ आकडे ठेवले, अक्षरं काढली, की दोन-दोन आकडे एका खुणेत बसतात: एकूण ७९ मॉड्यूल (एक मॉड्यूल म्हणजे सगळ्यात बारीक रेघेची रुंदी), साधारण ३० मिमी. दोन्ही बाजूंना १० मॉड्यूलची कोरी जागा धरली तरी ५० मिमीच्या लेबलात आरामात मावतो. ड्रायव्हरमधलं 'पानात बसवा' हे माप बदलणारं भूत आधी बंद करा, नाहीतर सगळं मुसळ केरात.

डार्कनेस ८ वर, वेग सेकंदाला ४ इंचांवरून २. रेघांच्या कडा आता ब्लेडने कापल्यासारख्या.

मध्येच एक केसाएवढी पांढरी रेघ कागद सरकतो त्या दिशेने दिसायला लागली. हेड गेलं म्हणून धसका घेतला, पण निघाला रोलचा गोंद. हेड थंड झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवला, गेली.

एक दुखणं मात्र उरलंय. पीव्हीसी कव्हरखाली लावलेली पहिली वीस लेबलं फिकी पडली. उष्णतेने काळा होणाऱ्या थर्मल कागदाला ते प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन सोसत नाही. तूर्त लेबल आतल्या पहिल्या पानावर. त्यावर जोशीकाकूंची तक्रार: दर वेळी पुस्तक उघडायचं कुणी?