चिंचोक्यांचा एकोणतीस

उन्हाळ्यात चिंच फोडून झाल्यावर उरलेले चिंचोके मी धुऊन, वाळवून एका डब्यात भरून ठेवले होते. माझी साडेपाच वर्षांची नात शंभरापर्यंतचे अंक घडाघडा म्हणत असे. पण सात चिंचोके मांडले, की बोट पुढे धावे आणि शब्द मागे राही, त्यामुळे कधी सहा भरत, कधी आठ. म्हणून एकेक चिंचोका वाटीत टाकायचा आणि टाकतानाच अंक उच्चारायचा, असा नेम केला. आठवड्याभरात चूक थांबली.

मोजण्याआधी निवडणे यावे लागते. राजमा, हरभरे आणि वाटाणे ताटात कालवून दिले, तेव्हा तिने ते सहज वेगळे केले. (धाकटे भावंड जवळ असेल, तर हा खेळ नजरेखालीच खेळावा; दाणे नाकात जायला वेळ लागत नाही.) बटणांच्या बाबतीत मात्र ती रंगांप्रमाणे लावील हा माझा अंदाज चुकला. तिने दोन भोकांची एकीकडे, चार भोकांची दुसरीकडे ठेवली आणि मागे कडी असलेले एकुलते बटण बाजूला सारून म्हणाली, "आजी, याला भोकच नाही." विकतच्या रंगीत संचांपेक्षा हे साहित्य मला अधिक पसंत आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला पाने, बिया, खडे, शिंपले यांवरच बालवाडीचे शिक्षण उभे केले होते.

खरी गंमत दशकांची. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात एकवीसला 'वीस एक' असे वाचण्याची पद्धत आणली, तेव्हा बराच वाद झाला. जोडाक्षरांनी भरलेली आपली संख्यानामे मुलांना जड जातात हे मलाही मान्य आहे. तरी 'एकोण' हा शब्द चिंचोक्यांनीच उलगडला. दहा-दहा चिंचोक्यांच्या तीन वाट्या भरल्या, तिसरीतला एक काढून घेतला आणि सांगितले, की तिसाला एक उणा, म्हणून एकोणतीस. लिहिताना मात्र दोन भरलेल्या वाट्या आणि नऊ सुटे, म्हणजे २९. शब्द पुढच्या दशकाकडे पाहतो आणि आकडा मागच्या.

मग एकोणचाळीस, एकोणपन्नास करत ती एकोणनव्वदपर्यंत स्वतःच गेली. शेवटी दहा वाट्यांतला एक चिंचोका मुठीत धरून तिने विचारले, "मग हे एकोणशंभर का नाही?"