12345678987654321 च्या पोटात काय आहे

व्हॉट्सअ‍ॅपवर तो फॉरवर्ड अधूनमधून येतोच, 111111111 ला त्यानेच गुणा आणि बघा चमत्कार, 12345678987654321, खाली हात जोडलेल्या इमोजी आणि वैदिक गणिताचा जयजयकार. अहो यात वैदिक काही नाहीये. शाळेत करायचो तसा उभा गुणाकार मांडा, नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक, दर ओळ एक घर डावीकडे. आता उजवीकडून एकेक उभा कॉलम बेरजेला घ्या, एक, दोन, तीन असं करत मधल्या कॉलमात नऊ एक आणि मग परत उतरंड. हातचा कुठेच येत नाही म्हणून ते इतकं देखणं दिसतं. दहा एक घेऊन बघा, मधे दहा झाले की हातचा आलाच, उत्तर येतं 1234567900987654321, चढताना 8 गायब आणि मधे दोन शून्यं.

या जातीच्या संख्यांना डेमलो नाव दिलं आपल्या द. रा. कापरेकरांनी, तेच 6174 वाले (कुठल्याही चार अंकी संख्येचे, सगळे अंक सारखे नसतील तर, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहिलं की शेवटी येते ती संख्या), देवळालीचे शाळामास्तर. जीआयपी रेल्वेच्या (म्हणजे आताच्या मध्य रेल्वेच्या) एका स्टेशनावर असताना त्यांना हे सुचलं, त्या स्टेशनाचंच नाव दिलं, काय माणूस! त्यांची नजर कुठे होती बघा, मधला 9 बाजूला ठेवा, डावीकडचे 12345678 आणि उजवीकडचे 87654321 यांची बेरीज करा, 99999999, म्हणजे परत मधलाच अंक.

पण मला विचाराल तर खरी मजा अवयव पाडण्यात आहे. 111111111 म्हणजे 111 गुणिले 1001001. पहिल्यात 3 आणि 37, दुसऱ्यात 3 आणि 333667. म्हणजे आपल्या मोठ्या संख्येत 3 चा चौथा घात, 37 चा वर्ग, 333667 चा वर्ग, बाकी काही नाही. एकूण विभाजक 45, विषम, कारण पूर्ण वर्ग आहे, सगळे विभाजक जोडीने येतात आणि 111111111 स्वतःचीच जोडी लावून बसतो.

आणि ते 333667, दिसायला अगदीच साधं पण भारी प्रकरण आहे. 1 ला त्याने भागलं की दशांशात 000002997 हे नऊ अंक परत परत येत राहतात, कारण 333667 गुणिले 2997 बरोबर 999999999. नऊ अंकांची अशी आवृत्ती असलेली मूळ संख्या नऊ नव्वांना, म्हणजे या 999999999 ला, भागणारीच हवी, आणि त्या नऊ नव्वांचे मूळ अवयव तीनच, 3, 37 आणि 333667. त्यात 3 ची आवृत्ती एका अंकाची, 37 ची तीन अंकांची (1 भागिले 37 म्हणजे 0.027027...). उरला एकटाच 333667, दुसरी कुठली मूळ संख्या या नऊच्या घरात येऊच शकत नाही. फॉरवर्डमधे हे कोण टाकणार म्हणा, इमोजी तरी कुठला लावायचा याला.