फोल्डर कोणी उघडायचं

बाबांच्या जुन्या लॅपटॉपवरून विंडोज काढून लिनक्स मिंट टाकलं, एक्सएफसीई नावाच्या हलक्या डेस्कटॉपवालं, कारण रॅम चारच जीबी, आणि पहिल्या दिवशी सगळं इतकं सुरळीत चाललं की मी आईला म्हटलंसुद्धा, बघ, नव्या लॅपटॉपचे पैसे वाचवले. मग बॅकअपची हार्ड डिस्क लावली. बाबा आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, अकरा वर्षं सलग, दुसरं कोणी तयारच होत नाही म्हणून, त्यामुळे डिस्कवर मेंटेनन्सची बिलं, लिफ्टच्या एएमसीची कोटेशन्स, पार्किंगवरून झालेली पत्रापत्री असा सगळा ऐवज. कॉपीला लावलं आणि चहा प्यायला गेलो. परत येतो तर अर्ध्यात थांबून एक बॉक्स आलेला, फाइल नेम टू लाँग.

कोणती फाइल? तर ही: 'दिनांक २८ सप्टेंबर रोजी सकाळी ठीक दहा वाजता सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त सुधारित अंतिम'.

म्हटलं स्किप करू, एक फाइल गेली तर काय बिघडतंय. बाबा म्हणाले, "तीच पाहिजे. वॉटरप्रूफिंगचा ठराव त्यात आहे. डिस्कवर उघडते ना, मग इकडे का येत नाही?"

प्रश्न बरोबर होता आणि मला उत्तर माहीत नव्हतं, मग अशा वेळी आपण जे करतो तेच केलं, समोर जो दिसला त्याच्यावर आळ घेतला. समोर होता थुनार. एक्सएफसीईचा घरचा फाइल मॅनेजर, म्हणजे फोल्डर उघडून फाइली दाखवणारा प्रोग्रॅम, नाव मेघगर्जनेच्या जुन्या जर्मन देवाचं, म्हणजे थॉरचंच, आणि स्वभाव मात्र एकदम गरीब, सांगाल तेवढं करणार, उलट बोलणार नाही. इतक्या हलक्या माणसाला एवढं लांब नाव झेपलं नसेल असं वाटलं.

विंडोजवर हा प्रश्नच डोक्यात येत नाही. तिथे पिवळं फोल्डर दाबलं की उघडतं, ते कोण उघडतंय हे बघायला कोणी जात नाही. लिनक्सवर मात्र कोणी उघडायचं हे तुम्ही ठरवू शकता, आणि ठरवू शकता म्हटल्यावर एखादी सुट्टी त्यात गेलीच म्हणून समजा.

आधी नेमो घातला. हा मिंटचाच, सिनॅमन डेस्कटॉपवर असतो तो. याची जन्मकथा मला फार आवडते. ग्नोम म्हणून लिनक्सवरचा आणखी एक डेस्कटॉप, त्याचा जो फाइल मॅनेजर आहे नॉटिलस, तो बनवायला घेतला होता ईझल नावाच्या कंपनीने, त्यात पहिल्या मॅकिंटॉशच्या टीममधला अँडी हर्ट्झफेल्ड होता, २००१ मध्ये नॉटिलसचं १.० आलं आणि त्याच वर्षी कंपनी बंद पडली. पोर मात्र ग्नोमवाल्यांनी सांभाळलं. पुढे २०१२ मध्ये ३.६ व्हर्जनला त्यांना साफसफाईची हुक्की आली आणि बऱ्याच गोष्टी काढून टाकल्या, त्यात एफ थ्री दाबलं की खिडकीचे दोन भाग व्हायचे, डावीकडून उचल आणि उजवीकडे टाक, तेही गेलं. नुसतं टाइप करायला लागलं की त्या अक्षराच्या फाइलवर उडी जायची, त्याच्या जागी सर्च सुरू व्हायला लागला. म्हणजे वर्षानुवर्षं दाराच्या डावीकडे असलेलं दिव्याचं बटण कोणीतरी रात्रीतून काढून नेल्यासारखं, आणि वर सांगायचं की आता खोली कशी सुटसुटीत दिसते! मिंटवाले वैतागले, त्यांनी जुना नॉटिलस उचलला आणि वेगळी चूल मांडली. नाव ठेवलं नेमो. जुन्या फ्रेंच कादंबरीतली पाणबुडी नॉटिलस आणि तिचा कप्तान नेमो, म्हणजे बोट तुमची असेल पण कप्तान आमचा. भांडावं तर असं.

पण कप्तानानेही तेच सांगितलं. फाइल नेम टू लाँग.

मग डॉल्फिन. केडीई या तिसऱ्याच डेस्कटॉपचा. खरं सांगायचं तर मला स्वतःला हाच आवडतो, माझ्या ऑफिसच्या मशीनवर हाच आहे, एफ थ्रीला दोन खण, एफ फोरला खाली त्याच फोल्डरमध्ये टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, कोपऱ्यात आयकॉन लहानमोठे करायची पट्टी, आणि सेटिंगमध्ये शिरलात तर जेवायच्या वेळेपर्यंत बाहेर येत नाही. पण तो एकटा येत नाही, एक्सएफसीईवर घातला की केडीईच्या लायब्रऱ्यांची अख्खी वरात मागून येते. शिवाय मिंटमध्ये मिळाला तो जुन्या सवयीचा, एका क्लिकवर उघडणारा. केडीईने डबल क्लिक डीफॉल्ट केलं ते त्यांच्या डेस्कटॉपच्या प्लाझ्मा ६ व्हर्जनमध्ये, २०२४ ला. बाबांना आयुष्यभराची डबल क्लिकची सवय, त्यामुळे त्यांनी लिफ्टचं कोटेशन उघडलं की ते दोनदा उघडायचं. पाच मिनिटांनी स्क्रीनवर सगळी लिफ्टच लिफ्ट.

आणि फाइल? नाहीच.

तोपर्यंत अजून एक भानगड झाली होती. एका घरात तीन-तीन कारभारी. डेस्कटॉपवरून फोल्डर उघडलं तर थुनार यायचा, फायरफॉक्समधून डाउनलोड झालेली फाइल फोल्डरमध्ये दाखव म्हटलं तर डॉल्फिन धावून यायचा. बाबांनी एकदा विचारलं, "हे फोल्डर मघाशी वेगळं दिसत होतं ना रे?" मी म्हटलं, "नाही बाबा, तेच आहे, फक्त दार दुसऱ्याने उघडलंय." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसलो.

शेवटी वैतागून टर्मिनल उघडलं आणि मिडनाइट कमांडर घातला. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी, पूर्ण निळा स्क्रीन, दोन उभे खण, खाली एक ते दहा आकडे आणि प्रत्येक आकड्यापुढे काम, माऊस नसला तरी अडत नाही. मिगेल दे इकाझा नावाच्या मेक्सिकोच्या मुलाने १९९४ मध्ये आणला, आणि ग्नोम सुरू करणाऱ्यांतही तोच, १९९७ मध्ये. म्हणजे नॉटिलस यायच्या आधी ग्नोममध्ये फोल्डर उघडायला याच मिडनाइट कमांडरचं चित्रांवालं रूप होतं. मी हे सगळं मनात घोळवत बसलो होतो तेवढ्यात बाबा चष्मा पुसत मागे येऊन उभे राहिले.

"अरे, हे तर आमच्या ऑफिसात होतं!"

हे म्हणजे अगदी हे नव्हे, नॉर्टन कमांडर, विंडोजच्या आधीच्या डॉसवरचा, १९८६ सालचा, ज्याच्यावरून हे बेतलंय. पण मी ते सांगेपर्यंत बाबा खुर्चीत बसलेसुद्धा. टॅब दाबून उजवीकडच्या खणात गेले, परत आले, खाली खाली जात ती फाइल गाठली आणि एफ फाइव्ह दाबलं. खाली बघितलंही नाही. ज्या माणसाला मी चार वर्षांत राइट क्लिक पटवू शकलो नाही त्याचं मधलं बोट सरळ एफ फाइव्हवर. म्हणाले, "पाच कॉपी, सहा मूव्ह, आठ डिलीट. आठ दाबायच्या आधी साहेबांना विचारायचं." मला उगाचच भरून वगैरे आलं, ते असो.

कॉपी अर्थात झाली नाही. पण इथे निरोपापुढे कंसात एक आकडा होता, ३६. तो आकडा धरून शोधत गेलो तेव्हा कळलं की थुनार, नेमो, डॉल्फिन कोणाचाच काही दोष नाही. ते बिचारे नुसते निरोप्ये. नाही म्हणतेय ती खालची जमीन, एक्स्ट फोर नावाची फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली आणि त्यांची नावं मांडून ठेवायची पद्धत. तिच्यात एका नावाला २५५ बाइट मिळतात. इंग्रजी अक्षर एक बाइटचं, म्हणून त्यांना कधी अडत नाही. देवनागरीत मात्र प्रत्येक चिन्हाला तीन, आणि चिन्ह म्हणजे नुसतं अक्षर नाही, काना वेगळा, वेलांटी वेगळी, अनुस्वार वेगळा, जोडाक्षरात मधला हलंत दिसत नाही तोसुद्धा वेगळा. 'क्ष' म्हणजे क, हलंत, ष, नऊ बाइट. 'सभेचे' पंधरा. विंडोजची फाइल सिस्टिम एनटीएफएस, तिच्यातही मर्यादा २५५चीच, पण तिथे मोजतात १६ बिटांच्या हिशोबाने, त्यात आपलं एक चिन्ह एकच धरलं जातं, त्यामुळे इतकी वर्षं बाबांची नावं आरामात बसत होती. इथे सगळं मिळून पंच्याऐंशी चिन्हं.

बाबांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

"म्हणजे इंग्रजीला दोनशे पंचावन्न आणि आपल्याला पंच्याऐंशी?"

"हो."

"आमच्या सोसायटीत असं पाणीवाटप केलं असतं ना, लोकांनी मला गच्चीवरून ढकलला असता."

नेमो आणि डॉल्फिन मी त्याच रात्री काढून टाकले, वरातीसकट. थुनार राहिला. त्यालाही एफ थ्रीने दोन खण करता येतात आता, ४.१८ पासून, डिसेंबर २०२२ मध्ये आलं ते, म्हणजे जे एकाने काढलं ते दुसऱ्याने दहा वर्षांनी बसवलं. बाबांना तेवढे दोन खण दाखवले, ते म्हणाले, "निळं नाही होत का?" नाही होत. मग डेस्कटॉपवर मिडनाइट कमांडरचा पण एक आयकॉन करून दिला, आता ते सोसायटीचं सगळं त्यातच करतात आणि आई फोटो बघायला थुनार उघडते, दोघांचं एकमेकांत काही जात नाही.

त्या फाइलचं नाव मीच कापणार होतो. बाबांनी कापू दिलं नाही. जुन्या नोटिशीच्या पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलने पूर्ण नाव लिहिलं, प्रत्येक वेलांटीखाली एक टिंब, प्रत्येक कान्याखाली एक, आणि मोजत बसले. 'सकाळी ठीक दहा वाजता' गेलं. 'रोजी' गेलं, तेही थोडं रेंगाळूनच. मी म्हटलं, 'सुधारित अंतिम' कशाला, नुसतं 'अंतिम' ठेवा ना.

"कुलकर्णी परत मागतील," म्हणाले, आणि 'वार्षिक'वर काट मारली.