माळढोकसाठी जैसलमेर: वाळूपेक्षा गवताला वेळ द्या

सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली माळढोक अभयारण्य झालं, पण आज तिथे माळढोक दिसणं दुरापास्त आहे. हा पक्षी पाहायचा तर आता राजस्थानातलं डेझर्ट नॅशनल पार्क गाठावं लागतं. जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत मिळून ३,१६२ चौरस किलोमीटर पसरलेलं हे संरक्षित वाळवंट. बहुतेक पर्यटक सम गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर उंटावरून फेरी मारून, तंबूतली नाचगाणी ऐकून परततात. माझं आग्रहाचं सांगणं, याच पार्कमधल्या सुदासरीकडे जा.

सुदासरीला वाळू कमी, सेवण गवत जास्त. वनखात्याने कुंपण घातल्यामुळे गुरं आत येत नाहीत, म्हणून गवत गुडघ्यापर्यंत वाढलेलं. पहाटेच्या थंडीत गाडी थांबवून बसलो होतो. आधी चिंकारा दिसले, मग लांबवर पांढरी मान वर आली. डोक्यावर काळी टोपी, पाठ मातकट तपकिरी. चार पावलं टाकायची, थांबायचं, गवतातला किडा टिपायचा. मीटरभर उंचीचा हा पक्षी मान खाली घालताच दिसेनासा व्हायचा. मादी उघड्या जमिनीवरच अंडं घालते, तेही बहुधा वर्षाला एकच. म्हणून गाडी रस्ता सोडून गवतात घालायला ड्रायव्हरला कधीही सांगू नका.

पार्कबाहेर पडलं की पवनचक्क्या आणि विजेच्या तारा सुरू होतात. माळढोकाला समोरचं कमी दिसतं आणि जड अंगामुळे ऐनवेळी वळता येत नाही, त्यामुळे तारांवर आपटून ते मरतात. तारा जमिनीखालून न्याव्यात असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला होता, २०२४ मध्ये तो शिथिल झाला. प्रत्यक्ष तिथे उभं राहून त्या तारा पाहिल्यावर फार वाईट वाटतं.

देगराय मातेचं ओरण चुकवू नका. ओरण म्हणजे आपल्याकडच्या देवराईसारखं देवाच्या नावाने राखलेलं रान. इथलं झाड तोडायचं नाही, ही रीत गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळली. उंट, शेळ्या, हरणं सगळी त्यावर जगतात. कुलधरा या पालीवाल ब्राह्मणांच्या ओस पडलेल्या गावात भुताच्या गोष्टी ऐकवतील. तुम्ही तिथून निघून या भागातली खडीनं शोधा. उताराच्या खाली मातीचा लांब बांध घालून पावसाचं पाणी अडवायचं, ते मुरलं की त्याच ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा. पालीवालांची ही पद्धत अजून चालू आहे. जैसलमेरपासून १७ किलोमीटरवर, बाडमेर रस्त्याला आकलचं जीवाश्म उद्यान आहे. तिथे १८ कोटी वर्षांपूर्वीची झाडं दगड होऊन पडलेली आहेत. तासाभरात होतं.

आता व्यवहाराचं. मुंबई-पुण्याहून रेल्वेने जोधपूर, तिथून जैसलमेरला पाच-सहा तास. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, पण पहाटे कडाक्याची थंडी असते. स्वेटरवर भागत नाही, जाकीट आणि कानटोपी हवीच. पार्कचा परवाना जैसलमेरच्या वनविभाग कार्यालयातून आदल्या दिवशीच काढा. सीमाभाग असल्याने मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. दुर्बीण हवीच, कारण पक्षी जवळ येत नाही आणि आपण जवळ जायचं नसतं. पाणी, खाणं जैसलमेरहूनच घ्या. वाटाड्या शक्यतो पार्कलगतच्या गावातला घ्या. कुठल्या ओरणात या वर्षी पाणी टिकलंय हे त्यालाच ठाऊक असतं, आणि पैसाही त्याच गावात राहतो.